पहिल्या गोणीचा भंडारा

तळवडे
ता. २४ सप्टेंबर १९७४

ज्योतीराम,

अक्षर वळखलं म्हनून पत्र टाकून देऊ नको. व्हय, मीच हाय, मंजुळा, तुझी थोरली बहीन. नऊ वर्सं तुला एक वळ लिवली न्हाई आन् पुढंबी लिवनार नव्हते. पन गरज पडली. तुझा हर्णैचा पत्ता सुमननं दिला. तिच्या चिंचवडच्या खोलीवर गेले तर बिचारीनं आधी चहा टाकला, मंग इचारलं काय झालं म्हनून. बायको गुनाची मिळाली तुला, तुझी लायकी नसताना.

ऐक आता. माझ्या रंभाचा नवरा विलास मिल्ट्रीच्या डेपोत स्टोरकीपर हाय. त्याला मिल्ट्रीच्या पोलिसांनी धरलाय. डेपोतल्या दुर्बिनी चोरीला गेल्या आन् तिकडं हर्णै बंदरात एका होडीत खोक्यांत सापडल्या, असं म्हनत्यात. गोदामाची चावी विलासकडं, म्हनून चोर विलास. लई सोपा तपास केला बाबा तुमच्या लोकांनी. आन् हर्णैला पुढचा तपास करायला कोन गेलंय, तर आमचा ज्योत्या! सुभेदार झालायस म्हनं. सुमन सांगत व्हती तवा मला हसावं का रडावं कळंना.

रंभा पैल्या बाळंतपनाला माझ्याकडं आलीया. आठवा सरत आलाय. ताटावर बसती आन् दोन घास खाऊन उठती. कुत्रं भुंकलं तरी दाराकडं बघती. डॉक्टरीन म्हनली, हिला घोर लागू देऊ नका. आता घोर म्हंजी काय उंबऱ्याबाहीर काढून ठेवायची चीज हाय व्हय? विलास तसला न्हाई रे. दुकानदारानं चुकून चार मिरच्या जास्त घातल्या तर परत द्यायला जानारा मानूस हाय. त्याला कोठडीत बसवलाय आन् उद्या पोलिसात देनार, खटला भरनार म्हनत्यात. मंग रंभाचं काय व्हईल?

तुझ्या दाजींचं केलंस तसं ह्याचं करू नको. आठवतंय न्हवं? ताडपत्रीचा एक फाटका तुकडा. घर गळत व्हतं म्हनून त्यांनी डेपोतनं आनला आन् वर टाकला. तू मिल्ट्रीच्या पोलिसात नवानवा गेलेला. जेवायला आलास, वर बघितलंस, आन् दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आलास. चोरी ती चोरी म्हनालास. माझ्या हातची पुरनपोळी खाऊन गेला व्हतास तू. त्यांची डेपोतली पॅकरची नोकरी गेली, आन् तवापासनं भाऊबिजेला मी पाट मांडला न्हाई.

दाजी आता चाकनच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोन्या शिवत्यात. बरं चाललंय आमचं. तुला सांगायचं कारन न्हाई, तरी सांगितलं.

विलासला सोडव. मला दुसरं काय नगं.

मंजुळा


तळवडे
ता. ९ ऑक्टोबर

ज्योतीराम,

तुझं कार्ड आलं. काय रे, नऊ वर्सांनी बहिनीला लिवतोस आन् तुझी रंभा कशी हाय, तू कशी हायेस, काय न्हाई. एकदम जबाबच घ्यायला बसलास! "खोक्यांवर बारदान शिवले आहे. चारी कोपऱ्यांना उचलायला कान ठेवले आहेत. डेपोत कडा दुमडून सपाट शिवतात, कान ठेवत नाहीत. पहिल्या नंबरच्या खोक्यात बारदानाखाली भंडारा आहे. आपल्याकडे असे कोण करते?"

सारे करत्यात की! चाकनच्या बाजारात जा, हरेक गोनीला कान. कानाबिगर हमाल गोन धरनार कशाला, दाताला? आन् भंडाऱ्याचं काय इचारतोस? खंडोबा काय आपल्या एकट्याच्या घरचा हाय? पैली गोन भरली की तोंड शिवायच्या आधी चिमूट टाकायची, ह्यो आपल्या पट्ट्यातला रिवाजच हाय. चाकनला टाकत असतील, खेडला टाकत असतील, मावळात कुनी टाकत असंल. मला काय ठावं? दाजींचं नाव मधी आनायचं कारन न्हाई. हजार मानसं गोन्या शिवत्यात.

तुझ्या कार्डात विलासचं एक अक्षर न्हाई. तू बारदानाचे कान बघत बस.

रंभा परवा जरा हसली. तिला तुझ्या लग्नातली गंमत सांगितली. दाजी तुला हळद लावाय पुढं झाले आन् हळदीच्या वासानं शिंकून शिंकून तुझ्याच अंगावर आडवे झाले, आठवतं का? पिवळी वाटी तुझ्या डोक्यावर! तुझी सासू म्हनत व्हती, ह्यो काय अपशकुन. रंभा हसता हसता पोट धरून बसली आन् मंग रडायलाच लागली. म्हनली, आई, मामाला सांग ना गं, ह्यांना घरी सोड म्हनून. मी म्हनलं, सांगितलंय बाई.

आनखी एक. काल उद्धवराव आला व्हता. डेपोचं भंगार आन् रिकामी खोकी उचलायचा ठेका त्याचाच हाय. दाजींना कवामवा काम देतो. जीप थेट अंगनात घातली. रंभाला लुगडं आनलं व्हतं, पेढे आनले व्हते. बसला आन् इचारतो कसा, वयनी, सुभेदाराचं पत्र येतं का? मी तुला लिवते ह्ये त्याला कुनी सांगितलं? मी तर घरच्यांबिगर आन् सुमनबिगर कुनाला बोलले न्हाई. मी म्हनलं, आमचं आन् त्याचं वाकडं हाय, साऱ्या गावाला ठावं हाय. तो हसला आन् म्हनला, वाकडंच राहू द्या, बरं असतं.

पेढे मी गाईला घातले. लुगडं परत कसं द्यावं ते कळत न्हाई. ट्रंकेत ठेवलंय, पन त्या ट्रंकेकडं बघितलं तरी मन खातं.

मंजुळा


तळवडे
ता. २१ ऑक्टोबर

ज्योत्या,

दुसरं कार्ड मिळालं. परत तेच. "भंडारा कोणी टाकला, नीट आठव." तुला दुसरं काय दिसत न्हाई का रे तिकडं? समुद्र हाय न्हवं तुझ्याम्होरं? लहानपनी इंद्रायनीत गुडघाभर पान्यात उतरायला रडायचास आन् आता समुद्राच्या काठाला जाऊन बसलायस.

बरं, सांगते. मागल्या पत्रात मी उगा फाटे फोडले. ती खोकी आमच्या घरी शिवली.

श्रावनात उद्धवरावानं जीपमधनं आनली. लाकडी खोकी, वरनं खिळे मारलेली. म्हनला, कंदिलाच्या काचा हायती, कोकनात धाडायच्या, बारदान चढवून द्या. दाजींना बाजारात तवा काम नव्हतं. नवा बटाटा यायचा व्हता. मानूस रिकामा बसून घरात चिडचिड करत व्हता. काम आलं म्हनताना त्यांचं तोंड कसं उजळलं ते मी बघितलंय. मागल्या पडवीत बसून शिवली. खोकं हलवलं की आत पेंढा खसखसायचा. काचाच वाटल्या आमाला. उघडून बघायचं आमच्या मनातबी आलं न्हाई. तू म्हनशील, डेपोतनं काढलेल्या मानसाला डेपोच्या ठेकेदारानं घरी खोकी आनून दिली आन् त्याला शंका येऊ न्हाई? न्हाई आली बाबा. काम नसलेल्या मानसाला शंका येत न्हाई.

आता भंडाऱ्याचं. तो दाजींनीच टाकला. हंगामाचं पैलं काम म्हनून पैल्या खोक्यात टाकला. तूच सांग, चोरीच्या मालावर कुनी द्येवाचा भंडारा टाकंल का? चोर काय खंडोबाला साक्षीला बसवतो? ज्यानं टाकला त्याच्या मनात पाप नव्हतं, एवढं तर तुला कळंल. तू मिल्ट्रीचा असशील, पन आबांच्या पोटचा हायेस.

मी दाजींना म्हनलं, चला, खरं काय ते ज्योतीरामला सांगू, विलास सुटंल. तर मानूस भिताडाला टेकून खाली बसला. म्हनले, "मंजुळा, तुझ्या भावानं ताडपत्रीसाठी माझी नोकरी घेतली. ह्यात माझा जीव घेईल. विलास तरना हाय, त्याला वकील मिळंल. मला कोन इचारतंय?" पोरीच्या नवऱ्याबद्दल असं बोलले. मी लई बोलले त्यांना, तोंडाला येईल ते बोलले. मंग वाईट वाटलं. भ्यालेला मानूस हाय, आन् त्यो भ्यालाय तुझ्यापाई. उद्धवरावानं त्यांच्या कानात भरवलंय की सुभेदार तुला पैला आत टाकनार, सातारला बहिनीकडं जाऊन ऱ्हा.

ते जानार म्हनत्यात. पिशवी भरून ठेवलीया. मी ती पिशवी रोज धान्याच्या कनगीमागं लपवते आन् ते रोज हुडकून काढत्यात. ह्यात हसू येन्यासारखं काय न्हाई, पन रंभाला हसू येतं. तिला वाटतं आमची नेहमीची भांडनं चाललीत.

तू आता काय करशील? खरं सांग. बहीन म्हनून इचारते. त्यांना धरशील का?

मंजुळा


तळवडे
ता. ३१ ऑक्टोबर

ज्योत्या,

रंभाला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायती. पोरीचं कपाळ डिट्टो विलासचं. बाकी तुझ्या-माझ्या आईवर गेलीया, रडायला लागली की वाडी गोळा करती.

दाजी गेले व्हते. ज्या दिवशी रंभाला कळा लागल्या त्याच सकाळी पिशवी घेऊन गेले. मी सुईनीला बोलवायला पळाले आन् मागं वळून बघते तर पडवीत चपला न्हाईत. त्या टायमाला मला तुझाबी राग आला, त्यांचाबी आला, साऱ्या पुरुषांचा आला. पोरगी झाली, न्हाऊ घातली, आन् दुपारी बघते तर मानूस अंगनात हुबा. चिंचवड ठेशनापत्तोर गेले, गाडी आली, गेली. म्हनले, "पाय उचलंना. रंभा सुटली का?" मी म्हनलं, सुटली. नात हातात दिली. ते तिच्याकडं बघून म्हनले, "हिचा बाप कोठडीत हाय आन् मी पळतोय." मंग पिशवी आपल्या हातानं रिकामी केली.

आज उद्धवराव परत आला. ह्या खेपेला लुगडं न्हाई, पेढे न्हाईत. जीपमधनं उतरलाबी न्हाई. दाजींकडं बघितलं आन् म्हनला, "सातारला जायचं ठरलं व्हतं की." मंग माझ्याकडं वळला. "वयनी, घरात बाळंतीन, तान्हं लेकरू. तुमी दोघं रानात जाता. जपा. रस्त्यावर टरकांची वर्दळ लई वाढलीया." आवाज कसा, तर देवळात बोलतात तसा. मी आज रानात गेले न्हाई. दाराला आतनं फळी लावून बसलीया आन् तुला लिवतीया.

तू उत्तर दिलं न्हाईस. "त्यांना धरशील का" ह्याला एक अक्षर न्हाई. धा दिस झाले. तू काय समुद्रात बुडालास का? लवकर लिव. न्हाईतर तार कर.

मंजुळा


तळवडे
ता. ६ नोव्हेंबर

ज्योत्या,

तुझं पाकीट मिळालं. कार्ड न्हाई, पाकीट, तवाच कळलं काय तरी हाय म्हनून. चारदा वाचलं, एकदा दाजींना वाचून दाखवलं. तू लिवलंयस ते हितं परत लिवते, म्हंजी मला कळलं का न्हाई ते तुलाबी कळंल.

"ताई, दाजींनी भंडारा टाकला असे तू लिहितेस. दाजी भंडाऱ्याच्या डबीजवळ जात नाहीत. हळदीने त्यांना शिंका येतात. माझ्या लग्नाची आठवण तूच आधीच्या पत्रात काढलीस. त्या खोक्याचे बारदान मी स्वतः उसवले. चिमूट डाव्या कोपऱ्यात होती, कानाच्या आत. आबा तुला तिथेच टाकायला लावायचे. गोणीचे तोंड मी धरायचो. हे पहिल्या दिवशी ओळखले आणि अजून कोणाला बोललो नाही. पण मला बोलावे लागेल. चोरी ती चोरी असे मी म्हणालो होतो, ते मी विसरलो नाही. तू आपणहून सांगितलेस तर तू साक्षीदार. मी सांगितले तर तू आरोपी. म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होतो. आता तिसऱ्यांदा विचारतो. भंडारा कोणी टाकला?"

मी टाकला.

घे. झालं समाधान? तुला कळलं व्हतं आन् मी आपली चाकन, खेड, मावळ फिरवत बसले. तू दाजींच्या मागं हायेस असं मला वाटत व्हतं, आन् तू माझी वाट बघत व्हतास. लई राग आला तुझा. मंग लई रडू आलं. रंभा म्हनली, आई, काय झालं? म्हनलं, तुझा मामा तसाच हाय, काय बदलला न्हाई मेला.

आता नीट लिवते, ह्योच माझा जबाब समज. श्रावनात उद्धवरावानं खोकी आनली. काचा म्हनून सांगितलं. दाजी दाभन चालवत व्हते, मी बारदान ओढून धरत व्हते. पैलं खोकं शिवून व्हत आलं, तवा मी द्येवळीतनं डबी आनली. दाजी म्हनले, "अगं लांब, लांब," आन् नाकाला लावायला माझाच पदर ओढला. मी डाव्या कोपऱ्यात चिमूट टाकली आन् येळकोट म्हनले. मनात म्हनलं, मल्हारी, ह्यांच्या हाताला काम लागलंय, आता ते तुटू देऊ नको. मी द्येवाकडं काय मागितलं बघ. आन् द्येवानं ते खोकं तुझ्याच हातात न्हेऊन दिलं.

तेवढंच मला ठावं हाय. खोकी कुनी दिली, कुनी न्हेली, उद्धवरावाच्या जीपमधी आनखी कोन व्हतं, ते दाजी सांगतील. ते तयार झाल्यात. डेपोतनं रिकामी म्हनून जी खोकी भायेर जायची, ती रिकामी नव्हती. माल गोदामात चढायच्या आधीच त्यात गेला असंल, विलासच्या चावीला हातबी लावायची गरज पडली नसंल. हे त्यांना मागनं उमगलं, काल मला सांगितलं, आन् तुला सांगायला तोंड न्हाई म्हनत व्हते. मी म्हनलं, सांगायला तोंडच लागतं, दुसरं काय लागत न्हाई.

तू लिवलंस तसं मी साक्षीदार व्हईन का तुमचे सायेब मला आरोपी करतील, ते मला ठावं न्हाई. तुलाबी पक्कं ठावं नसंल, म्हनून तू त्या वळीखाली रेघ मारली न्हाईस, नायतर तू लहानपनापासनं खऱ्या गोष्टीखाली रेघ मारतोस. मला भ्या वाटतं. खोटं कशाला सांगू? पोरगी पाळन्यात हाय, दाराला फळी हाय, रस्त्यानं गाडी गेली की मी पाळन्याकडं धावते. पन विलास कोठडीत बसलाय आन् त्याच्या लेकीचं तोंड त्यानं बघितलं न्हाई, आन् ते माझ्या एका चिमटीनं सुटत असंल तर मी गप कशी ऱ्हाऊ?

म्हनून ये. दुसऱ्या कुनाला धाडू नको. उद्धवरावाला कळायच्या आत ये. त्याचं लुगडं तसंच घडीत हाय, ते बरूबर घेऊन जा.

दिवाळी तोंडावर आलीया. मी पाट धुऊन ठेवलाय. नऊ वर्सं कोनाड्यात पडून त्याला वाळवी लागली व्हती, दाजींनी खालनं पट्टी मारून दिली. जबाबाचा कागद मागनं काढ. आधी पाटावर बस. साध्या कापडात येऊ नको, वर्दीत ये, गावाला दिसू दे. आन् बसताना टोपी काढू नको. उघड्या डोक्यानं ओवाळून घ्यायचं नसतं, आईनं तुला शंभरदा सांगितलंय. तीच टोपी डोक्यावर असू दे. ओवाळून झालं की ताट बाजूला ठेवीन, मंग मला काय इचारायचं ते इचार.

तुझी ताई
मंजुळा